मायची तेलुगू उत्तम

माझी माय पडली ती सोयाबीनवरून घसरून. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे या पडण्याच्या मी बऱ्याच आवृत्त्या काढल्या. अंगणात वाळत घातलेल्या सोयाबीनचे चार दाणे ओट्याच्या पायरीवर सांडले होते, त्यांवर तिचा पाय पडला आणि ती उजव्या खुब्यावर आपटली. एवढंच. पण दवाखान्यात भेटायला पाहुणे दोन-दोन बस आणि एक ऑटो करून येतात, त्यांना एवढ्यावर वाटेला लावायचं म्हणजे अन्याय आहे. म्हणून पहिल्या दिवशी मी सांगितलं की बकरीनं धडक मारली. तिसऱ्या दिवशी बकरीची म्हैस झाली. पाचव्या दिवशी ती म्हैस उधळली, आणि मायनं तिची शिंगं धरून तिला गोठ्यापर्यंत मागं रेटत नेलं.

"उद्या वाघ आना," बायको म्हणाली.

आणणारच होतो. नदीपलीकडून वाघ येतातच आमच्याकडे, त्यात खोटं काय! पण तेवढ्यात ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी आम्हाला खोलीत बोलावलं.

डॉक्टर म्हणाले, "हाडात सळई बसवली आहे. माझं काम संपलं, आता खरं काम सुरू. हिला उभं करायचं, चालवायचं. पुढचे पाच-सहा आठवडे महत्त्वाचे. एवढ्यात उठली तर उठली. नाही तर खाट धरेल, आणि या वयात खाट धरलेलं माणूस पुन्हा सोडत नाही."

मायला मी हे जरा गोड करून सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "माझं एकच मागनं हाये. संडासात मले माझ्या पायानं जाऊ दे. ते भांडं माझ्याखाली सरकवू नको."

नंतर बायकोनं मला बाजूला घेऊन सांगितलं की मायनं ऑपरेशनपासून पाणी जवळपास सोडलंय. भांडं लागू नये म्हणून. जन्मभर लोकांच्या शेतात कापूस वेचलेली बाई, तुरीच्या आडोशाला गेली असेल, नाल्यात गेली असेल, पण कुणाच्या हातानं उचलून नाही. तेव्हा प्रश्न हा असा होता. पाच-सहा आठवडे, आणि मायचे दोन पाय.

आमचं घर तेलंगणात, आदिलाबादजवळ, जैनथच्या अलीकडच्या एका गावात. घराला तीन पायऱ्या, आणि संडास अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला. फिजिओथेरपी शिकवायला तिथं कुणी येणार नाही. म्हणजे आदिलाबादेत कुठंतरी अशी जागा शोधायची की जिथं ठेवून घेतात, औषधपाणी करतात आणि चालायला शिकवतात. अशा दोन जागा होत्या. बायको म्हणाली, कुणाला तरी विचारू.

मी म्हणालो, "विचारायचं कशाला? मी तपासणी करतो."

इथं माझी लायकी सांगावी लागेल. मी सरकारी मराठी शाळेचा मुख्याध्यापक आहे. आजवर माझ्या शाळेची इतकी तपासणी झाली आहे की तेवढ्यात एखादं राज्य सरकार पडलं असतं. आणि एकाही साहेबाला माझ्या शाळेचं खरं तोंड दिसलेलं नाही. साहेबाची जीप फाट्यावर दिसली की अर्ध्या तासात मी ताजे तक्ते लावतो, आदल्या तीन महिन्यांच्या दैनंदिन्या तीन वेगळ्या पेनांनी भरतो, मंगळवारच्या डाव्या हातानं लिहितो म्हणजे अक्षर बदलतं, आणि सगळ्या पोरांच्या तोंडाला पावडर फासतो. ज्या माणसानं एवढे साहेब फसवले त्याला एखादा दवाखाना काय फसवणार? असा माझा हिशेब. हा हिशेब अर्धा बरोबर निघाला. उरलेल्या अर्ध्याचीच ही गोष्ट आहे.

पहिली जागा हायवेवर. सगळी काच. दारात माशांची टाकी, टाकीत एक मासा, आणि तो मासासुद्धा टाय बांधल्यासारखा दिसत होता. काउंटरवरच्या माणसानं खरोखरच टाय बांधला होता. "आइए सर, आइए मॅडम," करत त्यानं आम्हाला आधी चहा पाजला. मी बायकोच्या कानात म्हणालो, "चहा आधी आला म्हणजे समज, दाखवण्यासारखं कमी हाये." मीही साहेबांना आधी चहाच पाजतो.

सकाळचे अकरा वाजले होते. वॉर्डात गेलो तर सगळे रोगी आपापल्या पलंगावर सरळ झोपलेले, भांग पाडलेले, चादरीला सुरकुती नाही, आणि तोंडाला पावडर. मी जागीच थांबलो. ती पावडर बघून मला परक्या गावात सख्खा भाऊ भेटल्यासारखं झालं.

"व्यायामाची खोली दाखवा," मी म्हणालो.

दाखवली. मधोमध धरून चालायचे दोन चकाचक दांडे उभे होते. मी दांड्याला हात लावला, हात सरकला. कारखान्यातून आलेलं प्लॅस्टिक अजून त्यावर तसंच होतं. भिंतीवर मात्र तक्ता, "चालण्याचा सराव, रोज सकाळी दहा ते अकरा". एका खिळ्यावर सरावाची वही लटकत होती. मी चाळली. महिनाभराच्या नोंदी, एक अक्षर, एक शाई, एकाच बैठकीत लिहिलेल्या. बिचाऱ्यानं पेनसुद्धा बदलला नव्हता. मला त्याच्या कामचुकारपणाचा राग नाही आला, अडाणीपणाचा आला.

मग मी माझी शेवटची परीक्षा घेतली. खाली वाकलो आणि पलंगाखालच्या चपला काढून उलट्या केल्या. टायवाला बघतच राहिला. एकूण एक चपला कोऱ्या. तळव्यावरची नक्षी जशीच्या तशी. त्या चपलांना जमीन माहीतच नव्हती.

इकडे बायकोनं स्वतःची तपासणी चालवली होती. तिनं एका म्हाताऱ्याच्या उशाची घंटी दाबली आणि ती गप्प उभी राहिली. कुणी आलं नाही. तिनं पुन्हा दाबली. मग तिनं त्या म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, तुमाले उभं करते का हे लोकं?"

म्हातारा म्हणाला, "करते ना. चादर बदलाच्या वक्ती."

आम्ही बाहेर पडलो. फाटकाबाहेर येऊन मी बायकोला म्हणालो, "पायलं? एक नजर, खेळ खतम."

"घंटी मी दाबली," बायको म्हणाली.

"पण चपला?"

"चपला तुमच्या. पण हात धुवा आता."

दुसरी जागा गावात, बाजाराच्या मागे. ही जागा आधी फंक्शन हॉल होती. याच हॉलमध्ये एका लग्नात मी नव्वद जिलब्या खाल्ल्या होत्या. बायको म्हणते अठरा. असो. हॉलचं रिहॅब सेंटर करताना मालकानं फार काही बदललं नव्हतं. छताला प्लास्टरची फुलं तशीच. जेवणाच्या हॉलमध्ये पलंग टाकलेले, आणि हात धुवायच्या नळांची लांब रांग आता नर्सांच्या कामी येत होती. जिथं नवरानवरीची सिंहासनं असायची त्या स्टेजवर चालायचे दांडे रोवले होते. दोन बाजूंच्या खोल्यांवर रंगवलेल्या जुन्या पाट्याही कुणी पुसल्या नव्हत्या. एकीकडे "नवरदेव पक्ष", दुसरीकडे "नवरी पक्ष". ज्यांना चालवता येईल अशी माणसं नवरदेवाकडे, आणि ज्यांचं फक्त खाणंपिणं, अंग पुसणं, कूस बदलणं करायचं ती नवरीकडे. हे मला एका आयाबाईनं सांगितलं, आणि सांगताना तिला यात हसण्यासारखं काही आहे असं वाटलं नाही.

आम्ही गेलो तेव्हा स्टेजवर एक जाडजूड गृहस्थ दांडे धरून बोंबलत होते. आणि त्यांच्यासमोर एक सडपातळ पोरगी, पंचविशीची, त्यांच्याहून मोठ्यानं ओरडत होती. ती इथली फिजिओ. मूळची बेल्लमपल्लीची, कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्याची मुलगी. तिचा आवाज ऐकून वाटलं की ही वरून हाक मारत असेल आणि बाप खाणीच्या तळातून ओ देत असेल.

मी पुढं होऊन म्हणालो, "नमस्कारम. मी मुख्याध्यापक..."

तिनं मागं वळूनही बघितलं नाही. "सार, अब्बी टाइम नै. बाजू बैठो."

चहा नाही, पाणी नाही, खुर्चीसुद्धा आम्हीच ओढून घेतली. माझा जीव हरखला. साहेब आला तरी मास्तर फळा सोडत नाही, अशी शाळा मी आजवर पाहिलेली नाही. माझी तर नाहीच नाही.

मी पलंगाखाली वाकलो. चपला झिजलेल्या होत्या. काहींचे पट्टे शिवलेले, एका जोडीतली एक निळी आणि एक तपकिरी. सरावाच्या वहीत चार तऱ्हेची अक्षरं, खाडाखोड, आणि एका पानावर सांडलेला सांबार. इतकी खरी वही मी आयुष्यात पाहिली नव्हती. बायकोनं घंटी दाबली, आयाबाई धावत आली आणि घंटी उगीच दाबली म्हणून बायकोवरच डाफरली.

"हीच जागा," मी म्हणालो.

"हीच," बायको म्हणाली. लग्नानंतर आमचं पहिल्यांदा एकमत झालं.

मायला दुसऱ्या दिवशी आणलं. तिथली पद्धत अशी की पहिले तीन दिवस माणूस मधल्या हॉलमध्ये ठेवायचं, त्याच्याकडून थोडं थोडं करून घ्यायचं आणि तिसऱ्या दिवशी ठरवायचं, नवरदेवाकडे की नवरीकडे. व्यायामाच्या तासाला नातेवाइकांना आत सोडत नसत. नातेवाईक समोर असले की रोगी लाडात येतो, असं त्या पोरीचं म्हणणं. मला पटलं. पालक वर्गात असले की पोरंही असंच करतात.

मायला भरती करताना एक फॉर्म भरायचा होता. आता इथं मला एक सांगायचंय. शाळेत नाव घातल्यापासून नोकरीच्या अर्जापर्यंत मी जेवढे फॉर्म भरले, त्या प्रत्येकावर आईच्या रकान्यात मला एकच लिहावं लागलं. शिक्षण, निरक्षर. व्यवसाय, मजुरी. प्रत्येक वेळी. त्या दिवशी समोर फॉर्म होता तो पूर्ण मायचाच, आणि पेन माझ्या हातात होता. शिक्षण विचारलं होतं, मी लिहिलं चौथी. थांबलो, आणि चौथीची सातवी केली. पुढं विचारलं होतं, रोग्याला येणाऱ्या भाषा. मी लिहिलं, मराठी, हिंदी, उर्दू, आणि तेलुगू. तेलुगूच्या पुढे कंसात "उत्तम".

बायको खांद्यावरून वाचत होती. "इंग्रजी काऊन सोडली?"

"ते लोकं खोटं समजतीन," मी म्हणालो.

खरं सांगायचं तर मायला तेलुगू येते ती अशी, एक ते दहा आकडे आणि "वद्दु", म्हणजे नको. आमच्या गावात सगळं मराठीत चालतं, बाजारात हिंदीवर निभतं. तिचं काही अडलं नाही कधी.

भरतीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भेटायला गेलो तर माय जरा चिंतेत होती. स्वतःच्या नाही, त्या पोरीच्या.

"पोट्टी चांगली हाये रे बापू," माय हळूच म्हणाली, "पन तिच्या डोक्यात काई बिघाड हाये."

"काऊन?"

"मले इचारते, काल आली का तू? मराठी बिचारीची तोडकीमोडकी. काल म्या सांगतलं, काल नाई वो बाई, आजच आली. आज पुन्हा तेच. म्हटलं हो, काल आली. तरी इचारूनच राह्यली. धा डाव इचारलं. इतकी जवान पोट्टी अन् काई ध्यानात राहत नाई."

"अजून काई म्हनते?"

"ले ले म्हनते. मी हात पुढं करते तं देत काईच नाई."

मी पोट धरून हसलो. मधल्या हॉलमधल्या पाच-सहा रोग्यांनाही हा किस्सा सांगितला, वर दोन वाक्यं माझी घातली. माझ्या डोक्यात तेव्हाच उजेड पडायला हवा होता. मी रोज मंडल ऑफिसात तेलुगू बोलतो, लिहितो, तेलुगूत भांडतोसुद्धा. पण गोष्ट रंगवण्याच्या नादात असलो की मला बाकी काही ऐकू येत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या पोरीनं आम्हाला बाजूला बोलावलं. आवाज पहिल्यांदाच खाली होता.

"सार, अम्मा को नवरीवाले रूम में डालना पडता."

"काऊन?" माझ्या तोंडून मराठीच निघालं.

"बोलेसो समझ में नै आरा उनको. पाँव में ताकत है, पन सूचना समझती नै. कुछ बी बोलो तो अलग बात करते. ऑपरेशन के बाद होता सार, दिमाग पे." तिनं केसपेपर पुढं केला. त्यावर तिनं लिहून ठेवलं होतं, सूचना समजत नाहीत, असंबद्ध बोलते, तोल जाण्याची भीती टोकाची. खाली सही राहिली होती, तेवढीच.

मी बायकोकडे बघितलं. माझ्याकडे त्या क्षणी एकही गोष्ट नव्हती. नवरीकडच्या खोलीत मी डोकावलो होतो. स्वच्छ होती, माणसांना वेळेवर कुशीवर वळवत होते, तक्रारीला जागा नव्हती. फक्त त्या खोलीत पलंगाखाली चपला नव्हत्या. आणि प्रत्येक पलंगाखाली ते भांडं होतं.

बायको मात्र भडकली. "माह्या सासूले समजत नाई? माह्या सासूले? मी माहेरी दिलेल्या कोनत्या पातेल्याचं झाकन वापस आलं नाई ते इतक्या वर्सानं तिले समजते! बाई, तू माह्यासमोर घे परीक्षा. आत्ता घे."

ते मराठी त्या पोरीला कितपत कळलं माहीत नाही, पण सूर कळला. नियम मोडून तिनं आम्हाला पडद्याच्या आत घेतलं.

माय पलंगाच्या काठाशी अर्धवट बसली होती, एका हातानं लोखंडी कठडा धरून. पोरगी पायांपाशी उभी राहिली आणि तिनं आपला तो खाणीतला आवाज काढला.

"अव्वा! कालु एत्तु!"

माय आमच्याकडे बघून "पायलं?" अशा अर्थानं मान हलवत, तिला समजावून सांगायला लागली. "काल नाई वो माय, परवा. परवा आली मी. काल दुसरा दिवस झाला, आज तिसरा."

आता कुठं मला ऐकू आलं. तेलुगूत कालु म्हणजे पाय. एत्तु म्हणजे उचल.

"अव्वा! ले!" म्हणजे आजी, ऊठ. मायनं प्रसाद घ्यावा तसा हात पुढं केला, मला म्हणाली, "आता पाय, देते का काई."

पोरीनं मान हलवली. मग तिनं मायच्या खांद्याला हात लावला, तिला हलकेच मागं टेकवत म्हणाली, "सरे अव्वा, पडुको. पडुको!"

पडुको म्हणजे आडवी हो, झोप. पण पायरीवरून पडलेल्या मराठी बाईच्या कानात ते कसं शिरलं ते तिच्या तोंडावर दिसलं. पडू नको. मधला "न" ही पोरगी खाते एवढंच. मायचे डोळे मोठे झाले, तिनं दोन्ही हातांनी कठडा आवळला. पोरगी पुन्हा म्हणाली "पडुको!", जरा जोरात, आणि माय आणखी घट्ट झाली. जितकं ती झोप म्हणे तितकी ही धरून बसे. "नाई पडत वो बाई, नाई पडत," माय घाबऱ्या घाबऱ्या म्हणत होती, "धरलं हाये मी."

पोरगी माझ्याकडे वळली. बघा सार, अशा नजरेनं.

"अहो, तिले तेलुगू कुठं येते?" मी ओरडलो. "तिले मराठीत सांगा ना!"

पोरीनं केसपेपरमागचा फॉर्म काढला आणि माझ्यासमोर धरला. बोट ठेवलं. "सार, मीरे राशारु कदा!" तुम्हीच लिहिलंय ना.

तेलुगू (उत्तम). माझं अक्षर जिल्ह्यात नावाजलेलं आहे. किती सुंदर लिहिलं होतं.

आता माझ्या मनात काय चाललं ते सांगतो, लपवत नाही. अशा वेळी माझ्या जिभेवर गोष्ट आपोआप तयार होते. झालीही. सांगावं की मायला तेलुगू अगदी उत्तम येत होती, पण ऑपरेशनच्या भुलीनंतर ती भाषा विसरली. छान गोष्ट होती. तोंडापर्यंत आली. आणि तिथंच कळलं की ही गोष्ट सांगितली तर पोरगी खाली आणखी एक ओळ लिहील, स्मरणशक्तीवर परिणाम, आणि सही करील. माझी प्रत्येक थाप मायला त्या खोलीकडे एकेक पाऊल ढकलत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझी थाप माझ्याच कामाची नव्हती.

"मी फेकलं," मी म्हणालो. मग तेलुगूत सांगितलं, मग हिंदीत, म्हणजे कुठल्याच भाषेत शंका राहू नये. "तिला तेलुगू येत नाही. शाळेतही गेली नाही ती. मी खोटं लिहिलं. तुम्ही तिला सांगत होता पाय उचल, तिला ऐकू येत होतं काल आली का. तिनं रोज बरोबर उत्तर दिलं. आज आली, काल आली, परवा आली."

पोरीनं बोटांवर मोजलं, पहिला दिवस, दुसरा, तिसरा. मग तिनं मायकडे बघितलं, आणि हळू आवाजात मला विचारलं, "पडुको?"

"पडू नको," मी म्हणालो. "मराठीत त्याचा अर्थ, खाली पडू नको."

ती मटकन पलंगावर बसली. हसली नाही, हे मला आवडलं. "अय्यो! तीन दिन से मैं अम्मा को डराती रही," ती म्हणाली. मग तिनं पेन काढला आणि स्वतःच्या तिन्ही ओळींवर काट मारली. उभी, आडवी, पुन्हा उभी. मी अनेक साहेब पाहिले, आपल्या हातानं लिहिलेला शेरा आपल्याच हातानं खोडणारा एकही पाहिला नाही. माझ्या फॉर्मवरचं "उत्तम" तिनं मला खोडायला लावलं. सातवीही.

माय हे सगळं बघत होती. "काय झालं रे बापू?"

"काई नाई माय. मी तुझ्या नावावर जरा जास्त लिहिलं होतं."

"मंग पुस," माय म्हणाली. "अन् तिले इचार, मले उभं कवा करते."

परीक्षा तिथंच पुन्हा झाली. शब्द मी पुरवले. मास्तर माणूस, शुद्ध भाषेत सुरू केलं. "आजी, कृपया उजवा पाय वर उचला." पोरीनं जशीच्या तशी नक्कल केली. माय इकडेतिकडे बघायला लागली, की एवढ्या आदरानं कोणाशी बोलून राह्यली ही. बायकोनं मला कोपरानं बाजूला केलं.

"तुमची बालभारती ठेवा तिकडं. बाई, असं म्हन. पाय उचल वो माय."

"पाय उचल वो माय!" पोरगी गरजली.

मायचा पाय उचलला गेला. फार नाही, चार बोटं. पण लगेच.

"आंग टाक वो माय!"

मायनं कठडा सोडला आणि उशीवर पाठ टेकली. तीन दिवसांत पहिल्यांदा तिच्या खांद्यांतला ताण गेला. तिनं बायकोकडे पाणी मागितलं आणि पूर्ण पेला प्यायली.

त्याच संध्याकाळी तिला नवरदेवाकडे हलवलं. पुढचे आठवडे मी वेगळे काय सांगू, त्यांत गोष्ट कमी आणि कण्हणं जास्त होतं. आधी दोन माणसं धरून उभी, मग स्टेजवरच्या दांड्यांमध्ये, मग वॉकर घेऊन पलंग ते खिडकी. एक दिवस पाय सुजला, सगळं थांबलं, आणि माय भिंतीकडे तोंड करून पडली. दुसऱ्या दिवशी पोरगी आली आणि "काऊन वो माय, रुसली काय?" म्हणाली. हे मी शिकवलेलं नव्हतं. ती आयाबायांकडून शिकली होती. माय भिंतीकडून वळली. आता ती पोरगी मंचिर्यालकडच्या तेलुगू म्हाताऱ्यांनाही "उचल वो माय" म्हणते, आणि ते बिचारे कालु उचलतात.

मला आता गावोगावचे लोक विचारायला येतात, आईला कुठं ठेवू, बापाला कुठं ठेवू. मी पावडर सांगतो, चपला सांगतो, घंटी सांगतो. शेवटी हेही सांगतो की फॉर्म खरा भरा. हे सांगताना बायको समोर असली तर ती चहा ठेवायला म्हणून उठते आणि आत जाऊन हसते.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी आम्ही पोचलो तर नवरदेवाकडच्या खोलीत गडबड उडालेली. मायचा पलंग रिकामा. वॉकर जागेवर नाही. संडासाच्या दाराबाहेर पोरगी, आयाबाई आणि ते स्टेजवर बोंबलणारे जाडजूड गृहस्थ, तिघं दाराला कान लावून उभे. माय कुणाला न सांगता, एकटी, वॉकर टेकत गेली होती. तेवढ्यावर भागलं नव्हतं. आत जाऊन तिनं कडी लावली होती. कडी लावायची सक्त मनाई होती, भिंतीवर तीन भाषांत लिहिलं होतं.

"अव्वा! माय! दरवाजा खोलो!" पोरगी दार बडवत होती. "पडू नको वो माय! पडू नको!" आता मधला "न" अगदी खणखणीत होता.

मीही दारावर थाप मारली. "माय! ठीक हाये का तू?"

आतून पाणी सोडल्याचा आवाज आला. मग मायचा, खडखडीत.

"काऊन बोंबलून राह्यले सारे? मानसाले बसू तं द्या निवांत!"

पोरीनं हात खाली घेतला. जाडजूड गृहस्थ म्हणाले की त्यांनाही जायचंय, घाई आहे. आयाबाईनं त्यांना पलीकडच्या संडासाकडे पाठवलं. आम्ही बाहेर थांबलो. मायला काही घाई नव्हती.